मदत हवी आहे: मुलीचा वरचा पुढचा दात खुंटीसारखा आला आहे, आताच कॅप बसवावी का?

मूळ प्रश्न

सप्रेम नमस्कार. माझी मुलगी दहा वर्षे चार महिन्यांची असून पाचवीत शिकते. वरच्या जबड्यातील समोरच्या दोन मोठ्या दातांपैकी डावीकडच्या दाताला लागून जो दात यायला हवा, तो गेल्या वर्षी आला खरा. पण नेहमीसारखा चपटा न येता खाली निमुळता होत गेलेल्या खुंटीसारखा आला. दंतवैद्यांनी त्याची रुंदी मोजली, ती चार मिलिमीटर भरली. उजवीकडचा त्याचा जोडीदार मात्र चांगला भरदार आहे, किंबहुना जरा जास्तच गोलसर आहे, आणि त्याच्याविषयी आम्हाला कोणीही काही बोललेले नाही. समोरच्या दोन मोठ्या दातांमध्ये दीडेक मिलिमीटरची फट आहे आणि डाव्या खुंटीच्या दोन्ही अंगांना त्याहून मोठ्या फटी आहेत. दोन्हीकडचे दुधाचे सुळे अजून पडलेले नाहीत, हलतही नाहीत.

आम्ही कोकणात तालुक्याच्या गावी राहतो. येथील एका दंतवैद्यांचा सल्ला असा की, खुंटी सर्व बाजूंनी घासून घ्यावी आणि तिच्यावर सिरॅमिकची कॅप बसवावी. दोन भेटींत काम होईल आणि शाळेच्या स्नेहसंमेलनापूर्वी मुलगी मोकळेपणाने हसू लागेल. दुसऱ्यांच्या मते असा दात ठेवण्यात अर्थ नाही. तो काढून जागा राखावी आणि मुलगी मोठी झाली की इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवावा. दोघेही अनुभवी आहेत, दोघांनीही तिला न घाबरवता तपासले, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे ठरवणे मला अधिकच जड जात आहे. एक्स-रे अद्याप काढलेला नाही.

आणखी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. माझा स्वतःचा वरचा डावा याच जागचा दात कधी आलाच नाही; सुळा सरकून त्याच्या जागी बसला आहे आणि लहानपणी त्यावरून मी पुष्कळ चिडवणे सोसले आहे. दुसरी गोष्ट अशी की, मुलीचा दुधाचा तोच दात मी दोरा बांधून ओढला होता आणि त्यामुळेच नवा दात खुरटला, असे माझ्या सासूबाईंचे ठाम मत आहे. कॅल्शियम कमी पडले असावे, असे शेजारी सांगतात. मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: हे कशामुळे झाले, कॅप या वयात बसवणे योग्य आहे का, आणि काहीच केले नाही तर नुकसान कितपत होईल.

प्रतिसाद १

ताई, मी दंतवैद्यक महाविद्यालयात बरीच वर्षे मुखरोगशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. तोंड न पाहता निदान करता येत नाही, तेव्हा पुढील मजकूर वाचून तुमच्या दंतवैद्यांना काय विचारावे, एवढाच त्याचा उपयोग करावा.

प्रथम दोऱ्याचे पाहू, म्हणजे मनावरचे ओझे उतरेल. या दाताला आम्ही वरचा पार्श्व कृंतक म्हणतो. त्याच्या कठीण आवरणाची घडण मूल दहा-बारा महिन्यांचे असताना हिरडीच्या आत सुरू होते आणि दिसणारा भाग, म्हणजे दाताचा मुकुट, चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण होतो. दुधाचा पार्श्व कृंतक पडतो सातव्या-आठव्या वर्षी. म्हणजे तुम्ही दोरा बांधलात तेव्हा आतला दात खुंटीच्या आकाराचा होऊन दोन-तीन वर्षे उलटली होती. कॅल्शियमचा मुद्दाही टिकत नाही. त्या काळात पोषणाची मोठी आबाळ झाली असती, तर त्याच सुमारास घडणाऱ्या समोरच्या मोठ्या दातांवर आणि पहिल्या कायमच्या दाढांवर तिच्या खुणा उमटल्या असत्या.

खरे कारण तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिले आहे. दात मुळातच न येणे आणि तो खुंटीसारखा येणे या बहुतेक वेळा एकाच आनुवंशिक प्रवृत्तीच्या दोन पायऱ्या असतात. एकाच घरात आईचा दात नाही आणि मुलीचा लहान आहे, किंवा एकाच व्यक्तीत एका बाजूचा दात नाही आणि दुसऱ्या बाजूचा खुंटीसारखा आहे, हे आम्ही वारंवार पाहतो. एमएसएक्स१, पॅक्स९, डब्ल्यूएनटी१०ए अशा काही जनुकांचा दात न येण्याशी संबंध आढळला आहे. खुंटीसारखे पार्श्व कृंतक साधारणपणे शंभरात एक-दोन जणांना असतात आणि मुलींमध्ये थोडे अधिक आढळतात. अक्कलदाढ वगळली, तर न येणाऱ्या कायमच्या दातांमध्ये हा दात आणि खालची दुसरी उपदाढ (उपदाढा म्हणजे सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधले दात) हे दोघे आघाडीवर असतात.

हाच दात का, हा प्रश्न विद्यार्थी मला दरवर्षी विचारत. बटलर या संशोधकाने १९३९ मध्ये सस्तन प्राण्यांच्या दातांविषयी एक कल्पना मांडली आणि डालबर्गने १९४५ मध्ये ती माणसाच्या दातांना लावून दाखवली: दातांच्या प्रत्येक गटात एक दात स्थिर असतो आणि त्याच्यापासून जसजसे दूर जावे तसतशी घडणीची खात्री कमी होत जाते. म्हणून पटाशीच्या दातांत पार्श्व कृंतक, उपदाढांत दुसरी आणि दाढांत तिसरी हे दात सर्वांत लहरी. पंगतीत शेवटी बसलेल्याच्या पानात काय पडेल ते सांगता येत नाही, तसे हे आहे. खालच्या जबड्यात मात्र पटाशीच्या दातांची ही पंगत उलटी बसते आणि तेथे मधला दातच अधिक बेभरवशाचा ठरतो. शिवाय वरच्या पार्श्व कृंतकाची जागाही नाजूक आहे. गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात चेहऱ्याचे जे भाग एकमेकांना जोडले जातात, त्यांच्या सांध्याजवळ तो जन्मतो. फाटलेल्या टाळूच्या आणि हिरडीच्या मुलांमध्ये हाच दात नसतो, वाकडा असतो किंवा दोन असतात, त्याचे कारण हेच.

आता कॅपविषयी. दहाव्या वर्षी ती बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. या वयात दातातील जिवंत गाभा, म्हणजे पल्प, मोठा असतो. मुळाचे टोक साधारण अकराव्या वर्षापर्यंत उघडे असते. आणि हिरडी अजून वर सरकायची असते, त्यामुळे आज हिरडीखाली लपवलेली कॅपची कड चार वर्षांत उघडी पडते. चार मिलिमीटरच्या खुंटीतून आणखी घासायला उरते तरी काय? दिसण्याची अडचण खरोखर मोठी असेल, तर दात न घासता त्यावर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट चढवता येते, आणि पुढे वाटल्यास ते काढताही येते. दात काढण्याचा सल्ला मूळ अगदीच आखूड असेल तरच विचारात घ्यावा, आणि तोही ऑर्थोडॉन्टिस्टशी, म्हणजे तारा लावून दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांशी, बोलल्यावर. इम्प्लांट जबड्याच्या हाडाला चिकटून बसते, शेजारचे दात मात्र वाढीबरोबर खाली येत राहतात. म्हणून वाढ पूर्ण होण्याआधी बसवलेले इम्प्लांट काही वर्षांनी वर अडकून राहिलेले दिसते. म्हणजे आज दात काढला, तर किमान आठ-दहा वर्षे रिकामी जागा सांभाळणे आले.

परंतु मला खुंटीची फारशी काळजी वाटत नाही. तुम्ही ज्याचे एका वाक्यात कौतुक करून पुढे गेलात, त्या उजव्या भरदार, गोलसर दाताची वाटते. आरसा धरून किंवा मोबाइलच्या प्रकाशात त्याची टाळूकडची बाजू पाहा. तेथे एखादा खोल ठिपका, काळी टिकली किंवा खाच दिसते का? आणि वरच्या ओठाखाली, दुधाच्या सुळ्याच्या मुळावर, बोटाने चाचपले असता दोन्ही बाजूंना फुगवटा लागतो का? ही दोन उत्तरे कळवा. मधल्या दीड मिलिमीटरच्या फटीचे दुःख आत्ता करू नका. वरून उतरणारे सुळे शेजारच्या मुळांना रेटत असतात तोवर ती असते, आणि सुळे आल्यावर ती बहुधा मिटते.

प्रतिसाद २

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण वरील शेवटचा परिच्छेद वाचून लिहावेसे वाटले. चौतिसाव्या वर्षी माझ्या याच दाताच्या मागच्या हिरडीतून पू येऊ लागला. दाताला कीड नव्हती. आधी हिरडीची सफाई झाली, मग रूट कॅनल झाले, मग तेच पुन्हा उघडून झाले. तरी एका ठिकाणचा खड्डा भरेना. शेवटी हिरड्यांच्या तज्ज्ञांनी हिरडी उचलून पाहिली, तेव्हा दाताच्या मागच्या उंचवट्यापासून मुळावर खाली उतरलेली एक जन्मजात पन्हळ सापडली. तिच्यात घाण साचत होती आणि ब्रश तेथे पोहोचणे शक्यच नव्हते. माझी पन्हळ उथळ होती म्हणून ती घासून, सिमेंटने बुजवून दात वाचला. खोलवर टोकापर्यंत गेलेली असती तर काढावाच लागला असता, असे त्यांनी सांगितले. मुलीचा दात तपासताना मागे अशी रेघ आहे का, हेही अवश्य विचारा.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे आभार. काल रात्री पाहिले. उजव्या दातामागे, मध्यभागी, टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका आहे. तो दुखत नाही. मुलीला विचारले तर ती म्हणाली, तेथे जीभ लागते आणि पोहे अडकतात. मला कधी सांगावेसे वाटले नाही. ओठाखाली उजव्या बाजूला टणक फुगवटा स्पष्ट लागतो, डाव्या बाजूला मला काहीही लागत नाही. याचा अर्थ काय घ्यावा?

प्रतिसाद १

ताई, पोह्यांचे वाक्य महत्त्वाचे आहे. असा ठिपका साधा खड्डाही असू शकतो, पण गोलसर, पिंपासारख्या पार्श्व कृंतकात तो असेल तर दातात दात हा प्रकार मनात धरूनच पुढे जावे. दात घडत असताना, कठीण होण्यापूर्वी, त्याचे आवरण मोज्याचे टोक आत ढकलावे तसे आत दुमडते. एक्स-रेमध्ये दाताच्या आत आणखी एक छोटा दात दिसल्याचा भास होतो, म्हणून हे नाव. सर्व दातांमध्ये हा प्रकार वरच्या पार्श्व कृंतकातच सर्वाधिक दिसतो. ओहलर्स यांनी १९५७ मध्ये केलेले तीन प्रकार आजही वापरले जातात. पहिल्यात दुमड मुकुटापुरतीच असते. दुसऱ्यात ती मुळात उतरते, पण पिशवीसारखी बंद राहते. तिसऱ्यात ती मुळाच्या बाजूने किंवा टोकाने आरपार निघते, आणि तो दात वाचवणे सर्वांत कठीण.

धोका असा की, दुमडीच्या तळाशी इनॅमल, म्हणजे दाताचे कठीण आवरण, अत्यंत पातळ असते किंवा नसतेच. अन्नकण आणि जंतू त्या फटीतून पल्पपर्यंत पोहोचतात, आणि वरून निरोगी दिसणारा, न किडलेला दात येऊन वर्ष-दोन वर्षे होत नाहीत तोच आतून मरतो. गालावर किंवा नाकाजवळ सूज येते तेव्हा घरच्यांना वाटते, काहीतरी लागले असेल. त्या वेळी मुळाचे टोक उघडे असेल, तर नेहमीचे रूट कॅनल होत नाही. टोक बंद करण्याचे वेगळे उपचार करावे लागतात. उलट पल्प जिवंत असतानाच खड्डा स्वच्छ करून सीलंटने किंवा पातळ कॉम्पोझिटने बुजवला, तर अर्ध्या तासाच्या कामात पुष्कळ पुढचे टळते. तुमच्या मुलीच्या तोंडात आज घाईचे काम कोणते असेल, तर ते हे आहे. खुंटीसारख्या दातातही अशी दुमड असू शकते, म्हणून दोन्ही दातांचे जवळून काढलेले एक्स-रे मागा.

मागच्या बाजूला इनॅमलची बाहेर आलेली नखासारखी टोकदार वाढ दिसली, तर ती वेगळी गोष्ट. तिला टॅलन कस्प म्हणतात. ती खालच्या दातांवर आपटत असली तर थोडी थोडी करून, काही आठवड्यांच्या अंतराने घासतात, कारण तिच्यात पल्पचे शिंग शिरलेले असू शकते. तुमच्या वर्णनात तसे काही नाही.

आता डाव्या बाजूच्या रिकाम्या बोटाविषयी. वरचा कायमचा सुळा डोळ्याखाली फार उंचावर घडतो आणि खाली येताना पार्श्व कृंतकाच्या मुळाचा कठड्यासारखा आधार घेतो, असे मानले जाते. तो कठडाच नसला, किंवा आखूड असून उशिरा तयार झाला, तर सुळा टाळूकडे भरकटू शकतो. सुळा वाट चुकण्याचे प्रमाण एकूण लोकसंख्येत दर शंभरात सुमारे दोन असले, तरी खुंटीसारखा किंवा अनुपस्थित पार्श्व कृंतक असलेल्यांत ते निश्चितच अधिक आहे. दहाव्या वर्षी एका बाजूला फुगवटा लागतो आणि दुसऱ्या बाजूला लागत नाही, हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे. वाट चुकलेला सुळा शेजारच्या मुळाला खाऊन टाकू शकतो, आणि तेही न दुखता. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढा; त्यात सुळा आडवा दिसला तर ऑर्थोडॉन्टिस्ट लहान क्षेत्राचा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन, सांगतील.

प्रवासाची तयारी असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत बालदंतवैद्यक आणि ऑर्थोडॉन्टिक्स हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात. दोघांचे मत एकाच दिवशी मिळणे अशा वेळी फार सोयीचे पडते. एक प्रश्न राहिला: मुलीचे केस विरळ आहेत का, उन्हाळ्यात घाम कमी येतो का, किंवा आणखी दात न आलेले आहेत का? तसे असेल तर बालरोगतज्ज्ञांनाही दाखवावे लागते. नसेल तर हा विषय सोडून द्यावा.

मूळ प्रश्नकर्ती, साडेतीन आठवड्यांनंतर

केस भरपूर आहेत, घामही येतो आणि ओपीजीत बाकी सर्व दात जागच्या जागी दिसले. आम्ही मोठ्या शहरातील एका दंत महाविद्यालयात दोन दिवस राहून तपासणी करून आलो. उजव्या दातात दुसऱ्या प्रकारची दुमड निघाली. ती मुळाच्या वरच्या भागापर्यंत उतरलेली आहे, पण बंद आहे. दाताला थंडाची जाणीव आहे आणि टोकाजवळ काळी सावली नाही. त्याच दिवशी रबराचा पडदा लावून दात कोरडा ठेवला, खड्डा स्वच्छ केला आणि बुजवला. मुलगी रडली नाही. तेथे आता जीभ गुळगुळीत लागते, एवढेच तिने सांगितले. डाव्या खुंटीचे मूळ थोडे आखूड पण सरळ आहे, तिच्यात दुमड नाही आणि मागे पन्हळही नाही, त्यामुळे तिला सध्या कोणीही हात लावणार नाही.

डावा सुळा मात्र आपण म्हणालात तसाच टाळूकडे कललेला आहे. त्याचे टोक खुंटीच्या मुळावर आले आहे, पण मुळाची मधली रेषा त्याने ओलांडलेली नाही. तेथील ऑर्थोडॉन्टिस्टनी डावा दुधाचा सुळा काढण्याचा सल्ला दिला आहे आणि सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे घ्यायला सांगितले आहे. दुधाचा चांगला घट्ट दात मुद्दाम काढायचा, हे घरी कोणाच्याच पचनी पडत नाही. दोऱ्याच्या प्रकरणानंतर तर मुळीच नाही. शिवाय जागा आक्रसून जाईल का, ही भीती आहे. आपले मत हवे आहे.

प्रतिसाद १

ताई, बातमी वाचून बरे वाटले. या सल्ल्यामागे जुना आणि चांगला आधार आहे. स्वीडनमधील एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये टाळूकडे कललेल्या ४६ सुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुले दहा ते तेरा वर्षांची होती आणि उपचार म्हणून फक्त दुधाचा सुळा काढला होता. त्यांपैकी ३६ सुळे, म्हणजे ७८ टक्के, आपल्या वाटेवर आले. ज्यांच्या टोकाने पार्श्व कृंतकाच्या मुळाची मधली रेषा ओलांडलेली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ९१ टक्के होते, ओलांडलेल्यांत ६४. तुमची मुलगी पहिल्या गटात बसते. ही आकडेवारी दाटी नसलेल्या जबड्यांची आहे आणि तुमच्या वर्णनावरून तिच्या जबड्यात दाटी नव्हे, मोकळी जागाच अधिक आहे. त्यामुळे आक्रसण्याची भीती येथे थोडी आहे. तरीही जागा राखणारी तार लावावी का, हे त्यांना विचारायला हरकत नाही. सासूबाईंना एवढेच सांगा की, या वेळी दात काढायचा आहे तो वरून येणाऱ्याला दार उघडून देण्यासाठी.

वर्षभरात सुळा वळला नाही, तर हिरडी उघडून त्याला बारीक साखळी चिकटवावी लागेल आणि तारा लावून तो ओढून आणावा लागेल. ते काम लांबणीचे असते, पण होते. सुळा खाली आला की मगच खुंटीला किती रुंद करायचे ते ठरेल, कारण तिच्या दोन्ही बाजूंना किती जागा सोडायची हे आधी तारांनी निश्चित करावे लागते. सर्वसाधारण पार्श्व कृंतक साडेसहा मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. तिच्यावर अडीच मिलिमीटर कॉम्पोझिट चढवणे हे कुशल हाताला अवघड नाही. स्नेहसंमेलनाचे काय, ते मुलीलाच विचारा. तिला स्वतःला खुपत असेल तर तात्पुरता थोडा भर आताही घालता येईल.

उजव्या दाताचे एक्स-रे सहा-सहा महिन्यांनी घ्यावेत, मुळाचे टोक बंद होईपर्यंत तरी. मधल्या काळात तो दात राखाडी दिसू लागला, हिरडीवर पुळी आली किंवा नाकाच्या बाजूला सूज आली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

मूळ प्रश्नकर्ती

दुधाचा सुळा काल काढला. स्नेहसंमेलनासाठी काही करायचे नाही, असे तिने स्वतःच सांगितले. ती नाटकात म्हातारीचे काम करते आहे आणि फटी उपयोगी पडतील असे तिला वाटते. एक शेवटचा प्रश्न विचारते. माझ्या बहिणीचा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि त्याचा वरचा दुधाचा याच जागचा दात शेजारच्या सुळ्याला जोडलेला, जुळ्या केळ्यासारखा आहे. त्याचेही आताच काही पाहावे का?

प्रतिसाद १

जोडलेल्या दुधाच्या दातांखाली कायमचा एखादा दात नसण्याची शक्यता नेहमीपेक्षा अधिक असते, आणि तुमच्या घराण्यात ती आणखी धरून चालावी. दोन दातांच्या मधल्या खाचेत कीड लागू नये म्हणून ती आताच बुजवून घ्या. ओपीजी सातव्या-आठव्या वर्षी काढला तरी चालेल; पार्श्व कृंतक आतमध्ये आहे की नाही, हे तेव्हा निःसंशय दिसेल. जोडलेला दात वेळेवर न पडता अडून राहतो असे पुष्कळदा होते, म्हणून समोरचे दोन मोठे दात येऊन वर्ष झाल्यावरही तो हलत नसेल तर दाखवायला न्यावे.